गल्लीतल्या खांबावर फायबर आले, मग घरात का येत नाही?

बोरीकाठ
नमस्कार. एका घरगुती प्रश्नावरून हा धागा काढत आहे. माझे आईवडील अमळनेरला आमच्या जुन्या घरात राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबावर फायबरची, म्हणजे काचेच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटची, काळी पेटी लागून दोन वर्षे होत आली. गल्लीत २२ घरे आहेत आणि कनेक्शन घेतले ते ५ घरांनी. उरलेल्यांमध्ये आमचे घर आहे. वडिलांकडे अजून तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन फोन आहे आणि त्याच तारेवरून येणारे जुने ब्रॉडबँड आहे, ज्याचा वेग ३-४ एमबीपीएसच्या वर जात नाही. आमचा व्हिडिओ कॉल सुरू झाला की आईचा चेहरा दर दोन मिनिटांनी गोठतो.

पैसे मी भरतो असे सांगून झाले. वडील निवृत्त शिक्षक आहेत, यूपीआय वापरतात, वीजबिल मोबाइलवरून भरतात, म्हणजे अज्ञान हेही कारण नाही. तरी प्रत्येक वेळी उत्तर एकच येते, "पाहू." आमच्या घरात ‘पाहू’ याचा अर्थ काय होतो हे खान्देशात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. तुमच्याकडेही असेच आहे का, आणि असेल तर लोक नेमके कशासाठी थांबले आहेत?

भुसावळ_जंक्शन
कारण साधे आहे. प्रत्येकाच्या खिशात रोजचा दीड-दोन जीबी डेटा आधीच पडलेला आहे आणि तो रात्री बारा वाजता वाया जातो. वाया जाणारी वस्तू घरात असताना तीच वस्तू नव्याने विकत कोण घेईल? माझ्या सासूबाईंचे अहिराणीतले उत्तर तर असे आहे: "मना मोबाइल चालस, मंग तार कसाले?"

केळीचा_घड
भुसावळकरांचा मुद्दा मी हिशेबाने पुढे नेतो. आम्ही रावेर तालुक्यातले, घरात चार मोबाइल. मोबाइलचे पॅक २८ दिवसांचे असल्यामुळे वर्षात १२ ऐवजी १३ रिचार्ज होतात, आणि जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून हा खर्च घरात बोलून दाखवण्याइतका जाणवतो. फायबरची ३९९ रुपयांची योजना १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपयांना पडते. चार रिचार्जच्या जागी हे एक बिल येणार असते तर आम्ही दुसऱ्याच दिवशी तार ओढून घेतली असती. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण बागेत पाणी धरायला गेल्यावर वायफाय सोबत येत नाही. म्हणून रिचार्ज तसेच राहतात आणि वर ४७१ रुपये वाढतात. ‘घरी फायबर घ्या, स्वस्त पडते’ असे सांगणारे हा बेरजेचा भाग नेहमी गाळतात.

दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर केवळ बोलणे आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक आले आहेत. ज्या म्हाताऱ्या माणसांचा मोबाइल घराबाहेर जातच नाही त्यांच्यासाठी ते घेतले तर हिशेब थोडा बदलतो. आम्ही आजोबांपुरते तसे केले आहे.

गिरणेची_लेक
पैशांचा हिशेब झाला, आता मी एक वेगळा हिशेब मांडते, जो कोणतीही कंपनी ग्राहकाला विचारत नाही. माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या मोबाइलचा दीड जीबी रात्री साडेआठपर्यंत संपतो आणि साडेआठ वाजता तो नाइलाजाने पुस्तक उघडतो. घरात न संपणारे इंटरनेट आले तर हे साडेआठ कधीच वाजणार नाहीत. आमच्या भागातल्या निदान चार आयांनी मला हेच कारण सांगितले आहे, मात्र घरी विक्रीसाठी आलेल्या मुलाला त्या ‘आत्ता नको, दिवाळीनंतर बघू’ असे सांगतात. मुलाला आवरता येत नाही हे परक्या माणसापुढे कोण कबूल करील?

वानरसेना
आमच्याकडे, म्हणजे यावलच्या बाजूला, फायबर सर्वांत आधी वानरांनी स्वीकारले. आहारात फायबर असावे असे डॉक्टरही सांगतात. खांबावरून गेलेली तार ती महिन्यातून एकदा तरी चावून पाहतात.

लाल_दिवा
मी धुळ्याच्या बाजूला फायबर जोडण्याचेच काम करतो, त्यामुळे वानरसेनेच्या विनोदावर मला धड हसताही येत नाही. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझ्या बाजूचे उत्तर थोडे लांब आहे.

घरातल्या पेटीवर, जिला आम्ही ओएनटी म्हणतो, ‘एलओएस’ नावाचा एक दिवा असतो. तो लाल झाला की प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा फार मुरडली. आता आपल्याकडे ती कशाने तुटते ते पाहा. ऑक्टोबरपासून कापसाच्या गाड्या सुरू होतात; गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि वरती फुगलेला कापूस गल्लीतली तार सोबत घेऊन जिनिंगपर्यंत जातो. त्यानंतर चाऱ्याच्या ट्रॉल्या, गणपतीच्या उंच मूर्ती, रस्त्याच्या रुंदीकरणाची जेसीबी यंत्रे. तांब्याची तार तुटली तर लाइनमन दोन टोके पिळून चिकटपट्टी लावून तात्पुरते काम भागवू शकत असे. फायबरमध्ये केसाएवढी काच असते. ती जोडायला स्प्लाइसिंग मशीन लागते, ते महाग असते आणि माझ्या माहितीतल्या अनेक छोट्या केबलवाल्यांकडे ते स्वतःचे नसते. ज्याच्याकडे आहे तो दोन गावांपलीकडे दुसऱ्या कामावर असतो. म्हणून लोक वेगाबद्दल विचारतच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "बंद पडले तर येणार कोण?" आणि या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्याचा अधिकार माझ्यासारख्या, दर कनेक्शनमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला नाही.

दुसरी गोष्ट, पुष्कळ घरांना वाटते की आपल्याकडे फायबर आहेच. प्रत्यक्षात केबलवाल्याने फायबर खांबापर्यंत किंवा इमारतीच्या जिन्यापर्यंत आणलेले असते आणि पुढे साधी लॅन केबल, म्हणजे तांबेच. पावसाळ्यात वीज कडाडली की त्या तांब्यातून येणारा झटका राउटरचे पोर्ट जाळतो. मग घरमालक म्हणतो, "फायबर घेऊन पाहिले, टिकत नाही." त्याने फायबर घेतलेलेच नसते.

लीड्सचा_खान्देशी
लाल दिवा यांचा शेवटचा परिच्छेद वाचून मी चमकलो, कारण इथे ब्रिटनमध्येही नेमका हाच घोळ आहे. रस्त्याच्या कडेला हिरव्या पेट्या असतात. फायबर त्या पेटीपर्यंत येते आणि पुढे घरापर्यंत जुनी तांब्याची तार. ही सेवा वर्षानुवर्षे ‘फायबर’ या नावानेच विकली गेली. जाहिरातीत तो शब्द वापरू द्यावा की नाही, हा वाद २०१९ मध्ये न्यायालयापर्यंत गेला आणि शब्दावर बंदी आली नाही. त्यामुळे इथल्या कंपन्या जेव्हा ‘फुल फायबर’ घ्या म्हणून मागे लागतात तेव्हा लोक म्हणतात की आमच्याकडे आहे की. जुन्या सेवेवर ६०-७० एमबीपीएस मिळत असतील तर दोघांच्या घराला फरक जाणवतही नाही, आणि त्यात दोन-दोन वर्षांचे करार असतात. भाडेकरूला तर भिंतीला भोक पाडण्यासाठी घरमालकाची परवानगी लागते.

इथे तांब्यावरची जुनी टेलिफोन यंत्रणा बंद करण्याची मुदत आधी डिसेंबर २०२५ होती. ती जानेवारी २०२७ वर ढकलली. कारण म्हातारी माणसे. एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांच्या गळ्यात मदतीचे बटण असते, ते दाबले की फोनच्या तारेवरून मदत केंद्राला सूचना जाते. नव्या जोडणीवर ते चालेल का, आणि वीज गेल्यावर काय, हे पाहिल्याशिवाय तार तोडता येत नाही. वीज गेली तरी निदान एक तास आणीबाणीचा फोन लागला पाहिजे, अशी सोय गरजूंना देण्याची सूचना इथल्या नियामकाने कंपन्यांना केलेली आहे. एक तास! अमळनेरमध्ये आमची आई हे ऐकून हसली.

निवृत्त_एक्सचेंज
विजेचा विषय निघाला म्हणून बोलतो. माझी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. तांब्याच्या तारेतून आवाज तर जातोच, शिवाय एक्सचेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्टही जातात. म्हणून गावात आठ-आठ तास भारनियमन असतानाही लँडलाइन वाजत असे, आणि ती सवय आमच्या पिढीच्या हाडांत मुरलेली आहे. फायबर म्हणजे काच. तिच्यातून वीज जात नाही. घरातली पेटी घरच्याच विजेवर चालते. वीज गेली की फोनही गेला, ही गोष्ट ज्यांनी बाळंतपणाची, मरणाची बातमी रात्री काळोखात लँडलाइनवर ऐकली आहे त्यांना सहज पचत नाही. तरुण मंडळी याला जुनाट हट्ट म्हणतात.

तरीही लाल दिवा यांच्याशी माझा मतभेद आहे. तांबे सोपे होते असे त्यांनी सुचवले. ते तितके सोपे नव्हते. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की अख्ख्या कॉलनीत खरखर सुरू होई, आणि तांब्याची चोरी हा तर वेगळाच अध्याय होता. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे लँडलाइनच्या तारेवरचे ब्रॉडबँड आले तेव्हा २५६ केबीपीएस मिळत होते आणि लोक त्यासाठी अर्ज घेऊन आमच्याकडे खेटे घालत होते. एक्सचेंजपासून तीन-चार किलोमीटर लांब असलेल्या घराला तेव्हाही वेग मिळत नव्हता आणि आजही मिळणार नाही, कारण तांब्यात संदेश अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. फायबरवर वीस किलोमीटरपर्यंत अडत नाही. तेव्हा बोरीकाठ यांच्या वडिलांच्या घरी ३-४ एमबीपीएस येतात यात ब्रॉडबँडवाल्यांचा दोष नाही, तो तारेच्या लांबीचा गुण आहे.

मी_धुळेकर
इतके खोलात जाण्याची गरज वाटत नाही. आपले लोक चिकट आहेत, एवढेच खरे. लग्नात दोन हजार पाने उठवतील, पण महिना पाचशेचे नेट नको.

गिरणेची_लेक
धुळेकर दादा, लग्नाचा खर्च एकदाच होतो आणि तो कशासाठी केला हे सगळ्यांना दिसते. दरमहाचे बिल म्हणजे घराला लागलेला हप्ता. शेतीवर चालणाऱ्या घरात पैसा महिन्याला येत नाही. कापूस विकला की येतो, केळीचा घड कापला की येतो. त्यात फुकट जोडणी हवी तर सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरा असे सांगतात. आमच्या शेजाऱ्यांनी एका स्थानिक केबलवाल्याला वर्षाचे पैसे दिले. चौथ्या महिन्यात त्याने धंदा दुसऱ्याला विकला आणि नव्या माणसाने जुन्या पावत्या मानायला नकार दिला. त्या एका घटनेमुळे आमच्या गल्लीतली दहा घरे अजून सरकलेली नाहीत. याला चिकटपणा म्हणता येईल का?

मी_धुळेकर
मान्य. शब्द मागे घेतो, दोन हजार पाने मात्र कायम ठेवतो.

वाड्यातला_धाकटा
आणखी एक कारण, ज्याला मी कारणीभूत आहे. आमच्या वाड्यात चार चुलतभावांची चार बिऱ्हाडे आहेत आणि कनेक्शन एक आहे, थोरल्याच्या नावावर. पासवर्ड सगळ्यांकडे. म्हणजे बोरीकाठ यांच्या गल्लीत पाच कनेक्शन असली तरी वापरणारी घरे पाचच असतील असे समजू नये.

मात्र आमचे घर धाब्याचे, भिंती हात-दीड हात जाडीच्या मातीच्या. राउटर थोरल्याच्या बैठकीत. माझ्या मागच्या खोलीत पोहोचेपर्यंत वायफायचा जीव जातो. मी कित्येक महिने फायबरलाच नावे ठेवत होतो. शेवटी लाल दिवा यांच्यासारख्याच एका मुलाने राउटरला तार लावून वेग मोजून दाखवला, तेव्हा शंभराला शंभर एमबीपीएस येत होते. दोष भिंतीचा होता, पण बदनामी फायबरची झाली आणि ती मीच चार ठिकाणी केली.

अक्राणी_महाल
सर्व चर्चा वाचली. ‘घरे हळू का बदलतात’ या प्रश्नात बदलण्याची सोय समोर उभी आहे हे गृहीत धरलेले आहे. आमच्या धडगाव तालुक्यात पाडे डोंगरउतारावर विखुरलेले आहेत. एका घरापासून दुसरे घर हाकेच्या अंतरावर, आणि हाक मारायची ती दरीच्या पलीकडे. गावोगाव ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याच्या सरकारी योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. ती योजना मुळातच ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंतची होती. तिथून पाड्यावरच्या घरापर्यंत तार कोणी ओढायची आणि एका डोंगरावरच्या तीन ग्राहकांसाठी ती कोणी सांभाळायची, याचे उत्तर बाजारात मिळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमची मुले रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसत होती. आमच्याकडे कोणी ‘पाहू’ म्हणत नाही, कारण विचारायलाच कोणी येत नाही.

लाल_दिवा
अक्राणी महाल यांचे म्हणणे खरे आहे आणि त्यात माझ्या धंद्याचे गणितही आहे. एक्सचेंजकडून येणाऱ्या एका फायबरचे, वीज न लागणाऱ्या स्प्लिटरने, ३२ किंवा ६४ घरांसाठी फाटे करता येतात. गल्लीत घरे दाट असली की एका पेटीत काम भागते. डोंगरावर तीच पेटी तीन घरांसाठी लावावी लागते आणि तार मात्र तितकीच, किंबहुना जास्त लागते. बोरीकाठ यांच्या गल्लीतही २२ पैकी ५ घरे असतील तर तिथली तार सांभाळणाऱ्याला ते परवडत नाही; म्हणून दुरुस्तीला उशीर होतो, आणि दुरुस्तीला उशीर होतो म्हणून सहावे घर येत नाही.

फाइव्हजी_पाटील
मला एक समजत नाही, फायबर हवेच कशाला? ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्हजी आले, पुढच्या वर्षी छतावर डबा लावून घरात वायफाय देणारी सेवाही आली. तार नाही, वानर नाही, कापसाची गाडी नाही.

लाल_दिवा
पाटील साहेब, जिथे टॉवर समोर आहे तिथे ती सेवा चांगली चालते आणि मी स्वतः ती बसवूनही दिली आहे. तरी संध्याकाळी आठनंतर सगळे गाव त्याच टॉवरवर तुटून पडते. आणि टॉवरच्या बुडाशी काय असते ते कधी वाकून पाहा. बहुतेक ठिकाणी तिथेही फायबरच आलेले असते. जेसीबीने ते तोडले की तुमचा डबाही गप्प बसतो.

भुसावळ_जंक्शन
डब्याबद्दल एक शंका. मे महिन्यात ४५ अंशांत तो छतावर टिकेल का? आमच्याकडे त्या दिवसांत राउटरच काय, दुपारी माणूसही दोनदा बंद करून सुरू करावा लागतो.

बोरीकाठ
सर्वांचे आभार. मधले काही दिवस मी अमळनेरला होतो आणि हा सगळा धागा मोबाइलवर वडिलांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ते उठले आणि कपाटातून एक दोनशे पानी वही घेऊन आले. आमच्या शेजारच्या घरात फायबर आहे. त्या घरी पेटीवरचा दिवा कोणत्या दिवशी लाल झाला, किती वाजता, तक्रार कधी नोंदवली, माणूस कधी आला, हे सगळे वडिलांनी त्यात तारीखवार लिहिलेले होते. चार महिन्यांत ११ दिवस बंद. त्यातले ७ दिवस एकट्या कापसाच्या हंगामातले. गणिताच्या शिक्षकाने ‘पाहू’ म्हटले म्हणजे तो खरोखर पाहत होता, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

त्यांच्या हरकती आता तीन उरल्या आहेत. पहिली, लँडलाइनचा क्रमांक. तीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांकडे तोच आहे, आणि दिवाळीला, गुरुपौर्णिमेला त्यावरच फोन येतात. दुसरी, वीज गेल्यावर काय. तिसरी आईची आहे: तार ज्या भिंतीतून येणार त्या भिंतीला आतून देवघर आहे आणि तिथे ड्रिल लावू देणार नाही असे तिने स्पष्ट सांगितले आहे. यावर काही सुचवाल का?

निवृत्त_एक्सचेंज
गुरुजींना माझा नमस्कार सांगा. क्रमांक तोच ठेवून लँडलाइन फायबरवर नेण्याची सोय सध्याच्याच कंपनीत आहे का, ते आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. दुसऱ्या कंपनीचे फायबर घेणार असाल तर जुनी तार लगेच सोडू नका. एक कापसाचा हंगाम दोन्ही चालू ठेवा. वही तोवर भरत राहील.

केळीचा_घड
विजेसाठी राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, हजार-दोन हजारांत. पेटी आणि राउटर मिळून दहा-बारा वॅट खातात, त्यामुळे दोन-तीन तास सहज निघतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचीही गरज नाही, ओएनटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. मात्र केबलवाल्याच्या स्वतःच्या यंत्राला बॅटरी आहे का, हेही विचारा. त्याची बॅटरी संपली तर तुमचा यूपीएस उगाचच जागा राहील.

लाल_दिवा
आईंचे म्हणणे योग्य आहे. देवघराच्या भिंतीला हात लावण्याची गरजच नाही. तार छपराच्या कडेने बैठकीच्या खिडकीपर्यंत आणायला सांगा. खिडकीच्या चौकटीत बहुधा जुन्या टेलिफोनच्या तारेचे भोक असतेच, त्यातूनच आत घेता येते. कोपऱ्यात तार काटकोनात दुमडू देऊ नका, मोकळा वळसा घ्यायला लावा. घराबाहेर दोन-तीन मीटर जादा तार गुंडाळून ठेवायला सांगा, म्हणजे गाडीने ओढली तर नव्याने ओढावी लागत नाही. आणि जाण्याआधी त्याला तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावायला लावून आकडा (डीबीएममध्ये) वहीत लिहून घ्या. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ कडे झुकत असेल तर सही करू नका, जॉइंट पुन्हा करायला सांगा.

बोरीकाठ
खिडकीच्या चौकटीत भोक आहे. आत्ताच फोन करून विचारले. वडिलांनी आकड्यासाठी वहीत वेगळा रकानाही आखला आहे.